साठीनंतरची हाडं आणि आतड्यातले जिवाणू: घरच्या ताटातून काय करता येतं

हाडांसाठी दूध प्यायचं आणि कॅल्शियमची गोळी घ्यायची, हे घरोघरी पाठ असतं. पण घशाखाली उतरलेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचतं ते आतड्याच्या मर्जीने. वय वाढतं तशी ही मर्जी कमी होते. जठरातलं आम्ल घटतं, त्वचेत 'ड' जीवनसत्त्व कमी तयार होतं, दात गेल्यामुळे भाजी-कडधान्यं मागे पडतात आणि ताटावर दूधभात, खिमट, चहा-बिस्किटं उरतात. या शेवटच्या बदलाचा फटका मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना बसतो. आयर्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी राहणारे वृद्ध आणि दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणारे वृद्ध यांची तुलना केली होती. शुश्रूषागृहातल्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता कमी भरली, आणि ती आहाराशी व अशक्तपणाशी जोडलेली होती. म्हणजे इथे हात घालायला जागा आहे. ती किती, हेही खाली स्पष्ट सांगितलं आहे.

जिवाणू हाडाचं काय करतात

हाड आयुष्यभर मोडत आणि बांधलं जात असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरतात, दुसऱ्या नवं भरतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पोखरणाऱ्यांचं पारडं जड होतं. पुरुषांमध्ये हेच घडतं, पण सावकाश.

जिवाणूंचा शिरकाव इथे दोन वाटांनी होतो. पहिली वाट साधी आहे. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथे जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट, प्रोपियोनेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्यातली आम्लता वाढली की वर शोषलं न गेलेलं कॅल्शियम विरघळतं आणि त्यातलं थोडं खाली शोषलं जातं. पाळी गेलेल्या स्त्रियांना मक्यापासून काढलेला विद्राव्य चोथा रोज १० आणि २० ग्रॅम दिल्यावर हाडात टिकणारं कॅल्शियम अनुक्रमे सुमारे ५ आणि ७ टक्क्यांनी वाढलं होतं. आकडा छोटा वाटेल, पण तो दररोजचा आहे.

दुसरी वाट सुजेची. आतड्याचं अस्तर सैल पडलं की जिवाणूंचे तुकडे आत शिरतात, रोगप्रतिकारक पेशी खवळतात, आणि त्यांचे संदेश हाड पोखरणाऱ्या पेशींना चेव आणतात. ब्युटिरेट आणि प्रोपियोनेट या पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकलेला बरा. जिवाणू जितके जास्त तितकं हाड मजबूत, असं गणित नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की अजिबात जिवाणू नसलेल्या उंदरांचं हाड उलट जास्त भरलेलं होतं. त्यांना जिवाणू दिल्यावर ते नेहमीच्या पातळीवर आलं. कोणते जिवाणू आहेत, त्यांना खायला काय मिळतंय आणि अस्तर किती घट्ट आहे, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून खाली सगळा भर जिवाणूंच्या खाण्यावर दिला आहे. डबीतले जिवाणू विकत घेण्याचा विषय शेवटी येतो, आणि तिथेच शोभतो.

सुरू करण्याआधी

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. अहवालातला टी-स्कोअर तुमच्या हाडाची तुलना निरोगी तरुण हाडाशी करतो. तो उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. दुसऱ्या गटात असाल, किंवा साध्या पडण्याने मनगट, मणका, खुबा मोडलेला असेल, तर औषध लागतं. नाचणी आणि ताक त्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत, सोबत चालतात.

सोबत रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व, बी-१२, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि थायरॉइड पाहिलेलं असावं. वारंवार पातळ शौच, वजन घटणं आणि न भरून येणारा पंडुरोग असेल तर गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराचीही चाचणी विचारा. या आजारात हाडं आतड्यापायीच ठिसूळ होतात.

काहींनी खालचे बदल डॉक्टरांशी बोलूनच करावेत: मूत्रपिंडाचा आजार असणारे (कडधान्य, दूध, पालेभाज्या यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस त्यांना मोजावं लागतं), पोटाची शस्त्रक्रिया होऊन आतडं अडकण्याचा त्रास झालेले, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा असिनोकुमारोल घेणारे. या शेवटच्या गटाने पालेभाजी सोडायची नाही, पण एकदम वाढवायचीही नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं, नाहीतर 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा डोस बिघडतो.

चोथा: २५ ते ३० ग्रॅम, पण घाई नको

दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा हे लक्ष्य ठेवा. दूधभात, वरणभात, चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाच्या पोटात यातला छोटाच भाग जातो. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमसुद्धा चोथा नसतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, अख्खा गहू यांत १० ते ११ ग्रॅम, मटकीत सुमारे १५, अख्ख्या मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५ आणि जवसात साधारण तेवढाच.

बहुतेकांचं इथेच चुकतं. ऐकून आल्या दिवसापासून मोड आलेली मटकी वाटीभर, रात्री इसबगोल, सकाळी पेरू. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं, आणि चौथ्या दिवशी "मला नाही हो सोसत" म्हणून सगळं बंद. यात पचनाचा दोष नसतो. हा चोथा आंबवणारे जिवाणू त्या पोटात थोडेच उरलेले असतात, त्यांना वाढायला काही आठवडे द्यावे लागतात. आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका.

पहिल्या आठवड्यात फक्त एक बदल: दुपारच्या भाताऐवजी एक भाकरी. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे ५ ग्रॅम चोथा, आठवड्याचा कोटा संपला. दुसऱ्या आठवड्यात दोन मोठे चमचे शिजवलेलं कडधान्य, तेही सालीच्या मुगापासून. तो सगळ्यात सोसणारा. तिसऱ्या आठवड्यात दोन चमचे जवसाची चटणी आणि किसलेल्या गाजराची किंवा काकडीची कोशिंबीर. चौथ्यात कडधान्य अर्ध्या वाटीवर न्या, एक फळ धरा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मटकी, चवळी, कुळीथ, हरभरा आलटून पालटून. वारा थोडा जास्त सुटेल, ते ठीक आहे. पोट दुखत असेल किंवा फुगून टणक होत असेल तर मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर परत या, तिथे आठ दिवस थांबा आणि मग पुढे जा.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर हवं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तीच पाळा, आणि चोथा आणखी सावकाश वाढवा. कोरडा चोथा बद्धकोष्ठ वाढवतो.

इसबगोलाबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तो शौचाला मऊपणा देतो, पण जिवाणूंना तो फारसा आंबवता येत नाही. म्हणजे पोट साफ होतं आणि जिवाणू उपाशीच. घ्यायचा तर एक-दोन छोटे चमचे पूर्ण ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्या (चमच्याने कोरडा खाल्ला तर घशात फुगून अडकू शकतो) आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. कडधान्याचा चोथा मात्र त्याने भरून निघत नाही. कांदा, लसूण, गहू, डाळी, मेथीदाणे, कच्ची केळी यांतला चोथा जिवाणूंच्या खऱ्या आवडीचा.

कवळी असेल किंवा दात नसतील तर कडधान्य कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त देऊन घोटून घ्या, कोशिंबीर बारीक किसा, पेरूच्या बिया काढून गर कुस्करा. जवस भाजून कुटलेलंच हवं. अख्खं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं.

नाचणी: मोड आणा, पण गाळू नका

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रोजच्या धान्यांत तिच्या जवळपासही कोणी नाही. अडचण फायटेट या धान्यातल्या द्रव्याची, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तिन्हींनी फायटेट कमी होतं.

एक किलो नाचणी रोळून तीन-चार पाण्यांनी धुवा, तळाशी खडे राहतात ते टाका. १० ते १२ तास भिजत घाला. पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि उबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात २४ तास पुरतात, थंडीत ३६ ते ४८. मध्ये दोनदा पाणी शिंपडा. मोड तीन ते पाच मिलिमीटरचे झाले की थांबा. जास्त लांबले तर पीठ कडवट लागतं. आंबूस किंवा कुबट वास आला, पांढरं-हिरवं जाळं दिसलं तर सगळं फेकून द्या, धुऊन वाचवायला जाऊ नका. मग पसरून दोन दिवस खडखडीत वाळवा, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि दळून आणा. वाळवण अर्धवट राहिलं तर डब्यात पीठ गोळा होतं आणि बुरशी धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने टिकतं.

परंपरेने नाचणीचं सत्त्व करताना भिजलेली नाचणी वाटून दूध काढतात, किंवा पीठ वस्त्रगाळ करतात. बाळासाठी ते योग्य आहे. पण नाचणीचं कॅल्शियम बऱ्याच प्रमाणात तिच्या सालीत असतं आणि चोथाही तिथेच. गाळणीवर जे उरतं आणि टाकलं जातं, तेच साठीच्या माणसाला हवं असतं. त्यामुळे या पिठाला चाळणी नको. खरखर खपत नसेल तर दळताना गिरणीवाल्याला दोनदा बारीक काढायला सांगा.

या पिठाची आंबील अशी करायची. एका माणसाला २५ ग्रॅम पीठ, म्हणजे दोन भरगच्च मोठे चमचे, अर्धा कप ताकात रात्री कालवून झाकून ठेवा. थंडीत आठ-दहा तास, उन्हाळ्यात पाच-सहा पुरे. सकाळी दीड कप पाण्याला उकळी आणा, त्यात जिरं, ठेचलेली लसणीची पाकळी आणि चिमूटभर मीठ. भिजवलेलं मिश्रण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा. कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या ठरलेल्या. उतरवून बोट सहन करील इतकी कोमट होऊ द्या, मग अर्धा कप ताजं ताक आणि बारीक चिरलेला कांदा घाला.

ताक दोनदा का? रात्रीच्या ताकातले जिवाणू फायटेट कमी करायला मदत करतात, पण शिजवताना मरतात. जिवंत जिवाणू हवे असतील तर ते थंड झाल्यावरच घालावे लागतात. उकळत्या आंबिलीत ताक ओतलं तर ते फाटतं आणि हेतूही फसतो. हाच नियम कढीला लागू होतो. कढीत कॅल्शियम राहतं, जिवाणू राहत नाहीत. ती चविष्ट असते म्हणून खावी.

मधुमेह असेल तर पातळ आंबिलीने साखर पटकन चढू शकते. त्यांनी नाचणीची भाकरी करावी, कडधान्याच्या उसळीबरोबर.

दही, ताक आणि टाकून दिलेलं पाणी

वयानुसार दुधातली साखर पचवणारं विकर बऱ्याच भारतीयांत कमी होतं. कपभर दुधाने पोट गुरगुरतं आणि मग दूधच बंद होतं. दह्यात ही साखर थोडी कमी झालेली असते, आणि दह्यातले जिवाणू उरलेली पचवायला हातभार लावतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या बहुतेकांना दही-ताक चालतं.

विरजण लावताना दूध उकळून ४० ते ४२ अंशांवर आणा. बोट दहा आकडे मोजेपर्यंत आरामात ठेवता आलं पाहिजे. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण. जास्त गरम दुधात विरजण मरतं आणि दूध नासतं, थंड दुधात दही लागतच नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत, थंडीत आठ-दहा तासांत लागलं की लगेच फ्रिजमध्ये. दह्याला तार सुटत असेल तर विरजण बदला.

वर सुटणारं पाणी ओतून देऊ नका. आंबट झालेल्या दह्यातलं कॅल्शियम बरंचसं त्या पाण्यात उतरतं. चक्का टांगून गाळलेलं पाणी कणीक भिजवायला किंवा आमटीत वापरा. श्रीखंडात कॅल्शियम आहे या समजुतीने दोन वाट्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं (साखरेचं तर बोलायलाच नको). ताकाचाही हिशेब असाच. एक वाटी दह्याचं चार ग्लास ताक केलं तर एका ग्लासात पाव वाटी दह्याचंच कॅल्शियम आहे.

घरच्या दह्यात जिवाणू नक्की असतात, पण कोणत्या वाणाचे आणि किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. संशोधनात वापरलेले वाण त्यात असतील असं समजू नका. दही खायचं ते कॅल्शियम, प्रथिनं आणि सोसण्याच्या सोयीसाठी.

शिळा भात आणि कच्ची केळी

शिजवून गार केलेल्या भातात आणि बटाट्यात थोडा स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. परत गरम केल्यावरही त्यातला काही भाग टिकतो. म्हणजे फोडणीच्या भाताला एक शास्त्रीय बाजू आहे. अट एकच: भात शिजल्यावर तास-दीड तासाच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये जायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम व्हायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष फोडणीने जात नाही, आणि सत्तरीतल्या माणसाला उलट्या-जुलाब महागात पडतात. कच्च्या केळ्याची भाजी किंवा काप आठवड्यातून दोनदा केले तरी तेच काम होतं.

कॅल्शियमचा हिशेब

भारतीय शिफारशीनुसार साठीनंतर, आणि स्त्रियांना पाळी गेल्यापासून, दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. ताटावर मांडून पाहू: नाचणीची एक भाकरी १८०, दोन वाट्या म्हणजे ३०० ग्रॅम दही ३६०, दीडशे मिली दूध १८०, एक मोठा चमचा तिळाची चटणी १२५, १०० ग्रॅम निवडलेल्या मेथीची भाजी २७०, ३० ग्रॅम कुळथाचं पिठलं ८०. बेरीज ११९५. गोळीशिवाय भागलं. मांसाहारी असाल तर काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली किंवा बोंबलाचं सुकं हे चांगले आधार आहेत, मात्र सुकी मासळी आधी दोनदा गरम पाण्यातून काढा. जादा मीठ मूत्रावाटे कॅल्शियम बाहेर नेतं. लोणचं, पापड, खारी बिस्किटं यांचा हाच दोष.

पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटने बांधलेलं असतं आणि जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. दुधातलं पाव भागाहून थोडं जास्त. मेथी आणि शेवग्याचा पाला त्यापेक्षा कितीतरी बरे.

हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, हे कॅल्शियमच्या नादात विसरलं जातं. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६५ ग्रॅम, आणि वरच्या ताटात ती पूर्ण होत नाहीत. त्यात दोन अंडी, किंवा ५० ग्रॅम पनीर आणि आणखी एक वाटी घट्ट डाळ घाला.

जिवाणूंशी जोडलेलं आणि हाडावर चांगल्यापैकी तपासलेलं एक फळही आहे: सुके आलूबुखार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळी गेलेल्या स्त्रियांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा फळं खाल्ली. त्यांच्या खुब्याची घनता टिकली. न खाणाऱ्यांची सुमारे १ टक्क्याने घटली. १०० ग्रॅमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी मध्येच सोडून दिलं. परवडत असेल तर दोन फळांपासून सुरुवात करा आणि मधुमेहात ती साखर म्हणून मोजा. सुक्या अंजिरात कॅल्शियम आहे, पण हा निष्कर्ष त्याला चिकटवता येणार नाही.

गोळ्यांच्या वेळा

आहारातून भागत नसेल तेवढीच तूट गोळीने भरा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' असं लिहिलेल्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० असतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, जास्तीचं शोषलं जात नाही. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायची, तिला जठरातलं आम्ल लागतं. पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरी.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास हवेत. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. हाडांसाठी आठवड्याची अलेंड्रोनेट घेत असाल तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास बसून किंवा उभं राहून. त्या अर्ध्या तासात चहा नको, दूध नको, आंबीलही नको. कॅल्शियम त्या औषधाला पोटातच अडवतं.

'ड' जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला किंवा महिन्याला एक असतं, डॉक्टर सांगतील तसं. ते चुकून रोज घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम चढून रुग्णालयात जावं लागलेले रुग्ण आहेत. कॅलेंडरवर खूण करा.

पित्ताच्या त्याच गोळ्यांबद्दल आणखी थोडं. त्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचं प्रमाण जास्त आढळतं आणि आतड्यातल्या जिवाणूंची घडणही बदललेली दिसते. कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी सात वर्षं चालू राहिल्याची घरं कमी नाहीत. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. जठरातून रक्तस्राव झालेला असेल किंवा ॲस्पिरिनसोबत दिली असेल तर परस्पर बंद करू नका. प्रतिजैविकांबाबतही तेच: सर्दीला स्वतःहून घेऊ नका, आणि दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका.

डबीतले जिवाणू घ्यावेत का

स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षांच्या ९० स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. हाडांची घनता मुळात कमी असलेल्या या स्त्रियांना वर्षभर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा ६४७५ हा वाण दिला. नडगीच्या हाडाची घट ०.८३ टक्के झाली. जिवाणू नसलेली नुसती पूड घेणाऱ्यांत १.८५. बातम्या जोरात झाल्या. मग २०२४ मध्ये त्याच वाणाची, नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवरची दोन वर्षांची मोठी चाचणी आली आणि फरक पडला नाही. मधल्या काळात, २०१९ मध्ये, दुसऱ्या तीन वाणांच्या मिश्रणाने २४९ स्त्रियांत कमरेच्या मणक्यांची घट थोपवली होती. चित्र असं अर्धवट आहे, आणि एवढ्यावर दरमहा हजार-दोन हजार रुपये खर्च करावेत असं आमचं मत नाही. तेवढ्यात महिन्याचं दूध-कडधान्य येतं.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळतात ते बॅसिलस क्लॉसी किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी (हे खरं तर जिवाणू नव्हे, यीस्ट), आणि ते जुलाबासाठी असतात. हाडासाठी म्हणून ते घेण्यात अर्थ नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि शिरेत कायमची नळी असलेल्यांनी यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. घरी नमुना घेऊन पोटातल्या जिवाणूंचा रंगीत अहवाल देणाऱ्या तपासण्यांवरून हाडांचा कोणताही निर्णय आज घेता येत नाही.

फरक कुठे आणि कधी दिसतो

पोटाचा फरक सहा ते आठ आठवड्यांत कळतो: शौच रोजच्या वेळी, मऊ, बांधलेलं. हाडाचा फरक जाणवत नाही. डेक्सा एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करा. एखाद्या टक्क्याचा चढउतार यंत्राच्या चुकीतही बसतो, त्यावर आनंद किंवा शोक नको. मधल्या काळात रोज चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं (तोल जात असेल तर भिंतीशी, कोणीतरी जवळ असताना), न्हाणीघरात पकडायला दांडी आणि रात्री वाटेत दिवा, हे चालू राहू द्या. हाडावर भार आला नाही तर शोषलेलं कॅल्शियम तिथे बसत नाही, आणि खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळेच.

दरवर्षी एकाच महिन्यात, सकाळी, अनवाणी, दाराच्या चौकटीला पाठ लावून उंचीची खूण करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, किंवा कंबरेत अचानक कळ येऊन पाठ वाकायला लागली, तर ते वय झाल्याचं लक्षण म्हणून सोडून देऊ नका. मणका दबलेला असू शकतो. त्याच आठवड्यात पाठीचा एक्स-रे काढून घ्या.